परवाना एक, जावा दोन

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी संगणक उघडला तर पडद्याच्या वरच्या कडेला लाल पट्टी! "आपल्या परवान्याची पडताळणी होऊ शकली नाही. १४ दिवसांनंतर डिझाइन साठवता येणार नाही. तोपर्यंत दिवसाला दोनच साठवता येतील. आपण अधिकृत प्रत वापरत असल्याची खात्री करा."

खात्री करा म्हणे! मी! तीन वर्षं याच सॉफ्टवेअरवर भरतकामाची डिझाइनं काढतेय. पावती कपाटात आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. जिने जन्मात शेजारणीचा चमचासुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतला नाही, तिला हा डबा चोर ठरवतो!

नवरा म्हणाला, "बंद करून चालू कर." केलं. पट्टी तिथेच. "परत कर." केलं. पट्टी तिथेच. मग म्हणाला, "जाऊ दे ना, चौदा दिवस आहेत." आणि पेपरात डोकं.

आणि हे नेमकं आत्ताच! कालच नर्सिंग होमचे कोट येऊन पडलेत. चौसष्ट. प्रत्येकाच्या खिशावर नाव, खाली पद. चौसष्ट माणसं, चौसष्ट नावं — जुनं एकही डिझाइन उपयोगाचं नाही. प्रत्येक नाव आधी संगणकावर काढायचं, कुठला टाका कुठून निघून कुठे जाईल ते आखायचं, साठवायचं, मग पेनड्राइव्हवरून मशीनला द्यायचं. साठवलंच नाही तर मशीन काय शिवणार? माझं कपाळ?

मेट्रनबाईंना अठरा तारखेचा शब्द दिलाय. दिवसाला दोन म्हणजे तोवर तीससुद्धा होत नाहीत.

आज दोन केली. तिसरं साठवायला गेले तर बटण राखाडी.

४ फेब्रुवारी

संगणकाचं घड्याळ तपासलं, बरोबर आहे. इंटरनेटची वायर काढून, पुसून, परत खोचली. पावतीवरचा पंचवीस आकडी क्रमांक पुन्हा भरला — एकदा घाईत, एकदा चष्मा लावून, एकदा नवरा मोठ्याने वाचतोय आणि मी टाइप करतेय असा. "शून्य की ओ?" — "मला काय माहीत!" — भांडण.

पट्टी: १३ दिवस.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुरुस्तीवाला आला. बूट न काढताच खुर्चीत बसला, पट्टी बघितली आणि हसला. "काकू, एवढंच ना? एक फाइल टाकतो. पट्टी गायब. पाच मिनिटांचं काम."

कसली फाइल? तर चोरटी. सॉफ्टवेअरला गंडवणारी. "सगळे तेच करतात हो!"

म्हटलं, माझी प्रत खरी आहे. खरी असताना खोटी फाइल टाकली तर मग तो डबा म्हणतोय तेच खरं होईल. मी नाही टाकणार. आणि काकू नाही म्हणायचं.

मग जरा सरळ बसला. कुठल्या कुठल्या खिडक्या उघडल्या आणि एक ओळ दाखवली. "हा परवाना दुसऱ्या संगणकावर वापरात आहे." म्हणाला, आधी हे सॉफ्टवेअर एकदाच तपासायचं, बसवताना. मागच्या महिन्यात नवी आवृत्ती आली, ती सारखी विचारत राहते. परवाना एका संगणकापुरता. तुमच्याकडे दुसरा संगणक आहे का?

माझ्याकडे नाही. पण कुणाकडे आहे ते मला चांगलं माहीत आहे.

धाकटी! माझी जाऊ.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी मिळून हे काम सुरू केलं. याच खोलीत. आठ महिन्यांपूर्वी फाटलं. वाटणी झाली — मोठी मशीन तिला, एका सुईची मला. कापड ताणायच्या चौकटी निम्म्या-निम्म्या. दोऱ्याची रिळं रंगवार मांडून एक तुला, एक मला. कात्र्यासुद्धा! सॉफ्टवेअरची वाटणी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते दोन्ही संगणकांत होतं, तसंच राहिलं.

नवऱ्याला सांगितलं. पुन्हा तेच — "जाऊ दे!" अरे, जाऊच तर देत नाहीये!

६ फेब्रुवारी

"तिला एक फोन कर," नवरा म्हणाला. "सख्ख्या जावा तुम्ही."

नाही करणार. आठ महिने तिने केलाय?

७ फेब्रुवारी, शनिवार

हेल्पलाइन. पंचेचाळीस मिनिटं तेच ते संगीत कानात. मग एक मुलगी, आवाज अगदी इस्त्री केलेला.

"मॅडम, परवाना ज्यांच्या ईमेलवर नोंदलेला आहे त्याच मालक."

नोंदणीचा ईमेल धाकटीचा. कारण त्या दिवशी माझ्या हातात भरलेली चौकट होती आणि ती म्हणाली होती, "ताई, मी भरून टाकते पटकन." पावती मात्र माझ्या नावावर.

"मग पावतीवाली मालक की ईमेलवाली?" मी विचारलं.

"मॅडम, मी आपल्याला होल्डवर ठेवते."

पुन्हा संगीत. फोन तिकडूनच कापला. परत लावला. दुसरी मुलगी. पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा. परत कापला. तिसऱ्यांदा पुन्हा पहिलीच लागली! तिने मला ओळखलं. म्हटलं, बाई, मी ठेवणार नाही. तू कंटाळशील, मी नाही. मी एका कोटावर दोन-दोन हजार टाके बघत बसणारी आहे.

हसली! इस्त्री जरा चुरगळली. म्हणाली, अर्ज पाठवते. पावती आणि ओळखपत्र जोडा.

दहा दिवस उरले. दहा नावं झाली.

८ फेब्रुवारी

नवीन काही नाही. दोन नावं. एक पाच अक्षरी, एक तीन.

१० फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज आला. सात पानं. शेवटी दोन चौकोन. पहिला — परवाना माझ्या संगणकावर हलवा. दुसरा — परवाना हलवा आणि दुसरा संगणक या सॉफ्टवेअरसाठी कायमचा बंद करा.

मुलीला फोन करून विचारलं, फरक काय?

"पहिल्यात समोरची व्यक्ती पुन्हा परवाना खेचून घेऊ शकते. दुसऱ्यात नाही. पण दुसरा मागे घेता येत नाही, मॅडम. बघून निवडा."

बघूनच निवडला. दुसरा.

का नाही? मी का भीड धरत बसू? पावती माझी. तिने आठ महिने फुकट वापरलं ते वापरलं. आता घेऊ दे स्वतःचं.

नवऱ्याने अर्ज वाचला. चहा अर्धा टाकून उठला.

१२ फेब्रुवारी

कंपनीचं उत्तर — "आपला अर्ज विचाराधीन आहे." विचार करताहेत! करा. सावकाश करा. इकडे पाच दिवस राहिलेत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नाक मुठीत धरून मेट्रनबाईंना फोन केला. सगळं खरं सांगितलं. परवान्याची भानगड, दिवसाला दोन, बावीस झाले आहेत, अठरा तारखेला निम्मेच मिळतील.

त्या फटकळ. "अहो, वीस तारखेला नवीन इमारत सुरू होतेय आमची. निम्म्यांनी काय नाव खिशात घालून हिंडायचं?" मग म्हणाल्या, "बघते. उरलेले दुसरीकडे देता येतात का."

दुसरीकडे म्हणजे कुठे ते मला कळतं. या भागात चौसष्ट कोट हाताळणारी दुसरी आहे कोण!

देऊ देत. माझ्या हातचे निम्मे बघतील आणि तिच्या हातचे निम्मे बघतील. शेजारी शेजारी टांगून बघा म्हणावं.

१५ फेब्रुवारी, रविवार

रविवारीसुद्धा दोनच. डब्याला सुट्टी माहीत नाही, दयाही नाही.

दुरुस्तीवाल्याचा फोन — "ताई, टाकू का फाइल?" निदान ताई म्हणाला. नाही म्हटलं. सगळे कोट परत करीन, पण नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गेली! पट्टी गेली!

दहाच्या सुमाराला संगणक उघडला आणि वरची कड स्वच्छ पांढरी. खाली हिरव्यात — "पडताळणी पूर्ण. धन्यवाद." तिसरं नाव साठवून बघितलं. साठलं! चौथं. पाचवं!

नवऱ्याला ओरडून बोलावलं. म्हटलं, बघ, तू म्हणत होतास जाऊ दे. दिलं असतं तर? पावती होती, जीभ होती, तीन फोन होते — एवढ्यावर एका अख्ख्या कंपनीला वाकवलं!

तो म्हणाला, "आणि धाकटीचं?"

म्हटलं, तिचं ती बघेल.

दिवसभर मशीन थांबली नाही. एका नावाला वीस मिनिटं. बॉबिन संपली की मी भरते, तोवर नवरा कोट हलू नये म्हणून दाबून बसतो. पंधरा झाले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चौसष्टच्या चौसष्ट पोचवले. काल सकाळपासून उठले ती फक्त जेवायला.

मेट्रनबाईंनी एकेक कोट उलटून मागची बाजू बघितली. जाणकार बाई. म्हणाल्या, "मागूनसुद्धा वाचता येतंय! तुमच्या जाऊबाई म्हणाल्याच होत्या."

काय म्हणाल्या होत्या?

"अहो, काम आधी त्यांच्याकडेच नेलं होतं मी. त्यांनीच तुमच्याकडे पाठवलं. म्हणाल्या, मोठी चिन्हं-बिन्हं असतील तर मी करते, पण नावं काढायची तर ताईंकडेच जा. बारीक अक्षर त्यांच्यासारखं कुणाचं नाही."

मी हातातल्या कोटाची घडी घालायला घेतली.

"आणि रविवारी परत गेले होते, उरलेले करून द्या म्हणून. तुमची ती परवान्याची अडचण सांगितली. तर ऐकेचनात. ज्यांनी सुरू केलंय त्याच संपवतील, अक्षर बदललं तर दिसेल, म्हणाल्या. उद्या होईल सगळं सुरळीत, म्हणाल्या."

घरी येऊन चपला काढायच्या आधी हेल्पलाइन. तीच मुलगी. म्हटलं, सोमवारी तुम्हीच माझी पट्टी काढलीत ना?

"नाही मॅडम. आपला अर्ज अजून वरिष्ठांकडे आहे. सोमवारी सकाळी नऊ चाळीसला नोंदणीकृत मालकांनी स्वतःच त्यांच्या संगणकावरून परवाना सोडला."

म्हटलं, तो अर्ज थांबव. आत्ता. ती म्हणाली, लेखी लागेल. तिथेच बसून लेखी पाठवलं. दोनदा चुकीचा क्रमांक टाकला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आधी राग आला. हो, रागच! उपकार कुणी मागितले होते? मी लढत होते ना? माझी लढाई तिने परस्पर संपवून टाकली, आणि मला कळवलंसुद्धा नाही. सोमवारी मी ओरडत नाचले, कशावर? तिने टाकलेल्या दानावर!

मग राग उतरला आणि खाली जे होतं ते दिसलं.

या वहीला तरी खरं सांगते. आठ महिन्यांपूर्वी भांडण झालं ते "तिचा उद्धटपणा" असं मी सगळ्यांना सांगते. तिने कात्री आपटली, निघून गेली. कात्री आपटली हे खरं. पण त्याआधी मी काय केलं? एक गिऱ्हाईक बसलं होतं. तिने केलेला रुमाल मी उचलला, "हे असलं आमच्याकडून जात नाही" म्हटलं आणि त्याच्यासमोर, तिच्यासमोर, तिचे टाके उसवायला घेतले. एकेक. सावकाश. ती उभी होती. दोन दिवस खपली होती त्यावर.

रुमालात दोष होताच. आजही म्हणते. पण उसवायला अख्खी दुपार पडली होती. गिऱ्हाईक गेल्यावर उसवता आलं असतं.

आता ती जुनी डिझाइनं चालवू शकते, नवं एकही साठवू शकत नाही. चिन्हं-बिन्हं ती कशावर काढणार? हे तिला नऊ चाळीसला माहीत होतं.

फोन तीनदा हातात घेतला. नवरा बघत होता. या वेळी "जाऊ दे" म्हणाला नाही.

केला नाही. उद्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी कंपनीची मेल. "आपल्या विनंतीनुसार दुसरा संगणक कायमचा बंद करण्यात आला आहे. ही कारवाई मागे घेता येणार नाही."

माझं लेखी मिळालं का, विचारलं. मिळालं म्हणे. कारवाईनंतर.

माझ्या संगणकाच्या सगळ्या वायरी काढल्यात. पावतीही घेतलीय, मागे "ही आता धाकटीची" असं लिहून, खाली माझी सही करून. डबा माझ्या काखेत, पडदा नवऱ्याच्या. तिच्या मोठ्या मशीनशेजारी नेऊन ठेवणार आहे. काय केलं ते आधी सांगणार, मग ठेवणार. दार उघडलं तर आत. नाही उघडलं तर पायरीवर बसेन, डबा मांडीवर घेऊन. उठणार नाही.