तापाची खोली

बाई, काल मी परळच्या आपल्या सरकारी प्रसूतिगृहात गेले होते. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही पेशंटसोबत आलेली म्हणून. तिथून आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, हे आता मोजायचंही सोडून दिलंय.

तुम्ही गिरगावातल्या डॉक्टर. मी लालबागच्या चाळीतली, नुकती नर्सिंग शिकून तुमच्या हाताखाली आलेली. एका खाटेवर दोन बाळंतिणी, हे मला तेव्हा विचित्रही वाटत नसे. आमच्या खोलीत तरी कुठे प्रत्येकाला वेगळं अंथरूण होतं? पण एकीला ताप चढला की दुसरीला चढायचा, आणि बाळंतपण सुखरूप झालेली बाई चादरीत गुंडाळून घरी जायची. तुम्ही वरच्या साहेबांकडे फक्त एक खोली मागत होतात, तापाच्या बायांसाठी वेगळी. साहेब म्हणाले, "राज्याचं एकदा मिटू द्या, मग सगळंच बघू." बाहेर वेगळ्या मराठी राज्यासाठी रोज मोर्चे निघत होते. माझा भाऊ गिरणीतून सुटला की थेट सभेला जायचा आणि घसा बसवून घरी यायचा. मीही त्याच्याच सुरात तुम्हाला म्हणाले होते, "बाई, आपलं राज्य आलं की होईल सगळं नीट." तुम्ही हात धूत होतात. वळून पाहिलंतही नाही. "आणि तोवर ताप थांबणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःची खोली रिकामी केलीत. टेबल जिन्याखाली आणलंत, तिथे उभं राहिलं की डोकं आपटायचं. खोलीत दोन खाटा टाकल्या. आत जाणारी आया बाहेरच्या बाईला हात लावायची नाही, आणि आतले कपडे वेगळे उकळायचे. आया कुरकुरल्या, मीही मनातून वैतागले. पण पुढच्या काही महिन्यांत वॉर्ड बदलला, बाई. ताप यायचा, पण पसरायचा नाही. बायका डबे घेऊन, पोरं कडेवर घेऊन, चालत घरी जायच्या. माझ्या साऱ्या नोकरीत मी पाहिलेले चांगले दिवस तेवढेच.

मग साहेब पाहणीला आले. "डॉक्टरांची खोली कुठंय?" तुम्ही जिन्याखालचं स्टूल पुढे केलंत. "बसा ना." ते बसले नाहीत. तापाच्या खोलीत डोकावलेही नाहीत, रुमालाने कपाळ पुसत निघून गेले. थोड्याच दिवसांत तुमची बदली झाली, लांबच्या कुठल्याशा कचेरीत, जिथे एकही पेशंट नव्हता. नवे डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही खाटा बाहेर काढायला लावल्या, दाराला पडदा लावला, टेबल आत नेलं. ते वाईट नव्हते हो. डॉक्टरला खोली हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

राज्य झालं तेव्हा लालबागभर पेढे वाटत होते. चाळीच्या कठड्यांवर पणत्या होत्या. माझी वहिनी त्याच आठवड्यात बाळंत झाली, मुलगी झाली. तिच्या खाटेवर दुसरी बाई होती. त्या बाईला ताप होता. मी नव्या डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, "सिस्टर, जागा दाखवा, हलवतो." माझ्याकडे दाखवायला जागा नव्हती. वहिनी गेली. भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता, तो तसाच त्याच्या हातात राहिला.

तुम्हाला कळलं आणि तुम्ही आमच्या खोलीवर आलात. मला ती दुपार आत्ताही दिसते. आई चुलीपाशी बसलीय, मांडीवर पोर, वाटीतलं दूध कापसाच्या बोळ्याने तिच्या ओठांवर पिळतेय. तुम्ही खाली जमिनीवरच बसता. आई तुमच्याकडे न बघता विचारते, "माका एकच सांगा, बाय. माज्या सुनेच्या खाटेर ती तापाची बाई कित्याक घातली?"

"जागा नव्हती, आई."

"तुमची खोली होती, ती खंय गेली?"

बदली झाली, माझ्या हातात नव्हतं, असं काहीही तुम्ही म्हणत नाही. पदर डोळ्यांना लावून उठता. आई नंतर एवढंच म्हणाली, "तिका बोलान काय उपेग नव्हतो." त्यानंतर आपली भेट झाली नाही. तुम्ही गेल्याचं मला कुणीतरी बोलता बोलता सांगितलं.

वहिनीची ती मुलगी वाढली, तिला मुलगी झाली, आणि काल त्या नातीला कळा सुरू झाल्या. मीच हट्टाने परळला नेलं. इमारतीला नवा रंग आहे, खाली फरशी चकाचक आहे. वर गेलो. नातीला दिलेल्या खाटेवर आधीच एक बाई होती, अंग चोरून भिंतीकडे सरकलेली. नर्स पोर चांगली होती, दमलेली. म्हणाली, "आजी, रोजचंच आहे. नवीन इमारत होणार आहे म्हणतात."

मग नातीला उठवलं, धरून जिना उतरवला, टॅक्सी केली आणि दादरच्या खाजगी नर्सिंग होममध्ये नेलं. टॅक्सीत ती कण्हत म्हणाली, "आजी, तूच म्हणायचीस ना, आपली माणसं आपल्याच दवाखान्यात." मी तिला म्हटलं, "श्वास घे तू."

मुलगा झाला. दोघंही ठीक आहेत. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. पण तुम्हाला म्हणून सांगते. आम्ही उठलो तशी त्या खाटेवरच्या बाईने लगेच पाय लांब केले. ते मी पाहिलं, आणि तरीही टॅक्सीचं दार लागलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.