माझी चाई, तुझा हात

बा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझीच दाढी तुझ्यापेक्षा पांढरी झाली आहे. काल मी अकोल्याहून आगगाडीत बसून अमरावतीला गेलो होतो, हजामत करायला. हसू नकोस. अकोल्यात काय न्हावी नाहीत? मालधक्क्यावर मी पावत्या लिहितो तिथं दारातच तिघं बसतात. पण महिन्यातून एकदा त्या तुझ्या निंबाखाली, आतेभावाच्या पुढ्यात बसल्याशिवाय मला हजामत झाल्यासारखं वाटतच नाही, आणि हे लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्याचा हात म्हणजे अगदी तुझा हात. कानामागून वस्तरा नेताना तू श्वास धरायचास, तसाच तोही धरतो. तुझ्या पोटचा मी, आणि तुझा हात गेला बहिणीच्या पोराकडं.

बार्शीटाकळीला पटकीची साथ आली, त्यात आत्या आणि तिचा नवरा दोघंही गेले, आणि तू त्याला बैलबंडीत घालून घरी आणलंस. तो सोळा-सतराचा, मी त्याहून दोन वर्षांनी मोठा. मला तू सरकारी शाळेत घातलं होतंस, वर्गात सगळ्यात थोराड घोडा मीच. मला वाटायचं, चार अक्षरं आली की शाळा सुटेल आणि मी निंबाखाली बसेन. त्या दसऱ्याला तू हत्यारांची पूजा मांडलीस: वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी, चिमटा, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड. सगळ्यांना हळदकुंकू लावून तू ती हत्यारं धोकटीत बांधलीस, आणि मी हात पुढं करतो न करतो तोच ती धोकटी त्याच्या मांडीवर ठेवलीस. "तुया हात जड हाय बे. तू लिवनं कर. याचा हात फुलासारखा हाय," असं म्हणालास आणि जेवायला बसलास. मायनं पुरणपोळी केली होती. मी अर्धी खाऊन उठलो, कुणी विचारलंही नाही काहून उठला म्हणून.

ते दिवस कापसाचे होते. साता समुद्रापलीकडं कुणाची तरी लढाई लागली होती आणि इथं वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढत होत्या. परकोटाबाहेर कापसाच्या बंड्या इतक्या उभ्या की माणसाला वाट मिळेना. माणूस माणसाला भेटला की रामराम नंतर, आधी "भाव काय?" मुंबईची तार आली की शेठ लोक धोतर सावरत पळायचे. जगाला त्यांचा पैसा दिसायचा, तुला त्यांची डोकी दिसायची. पागोटं काढलं की आत ठिकठिकाणी रुपयाएवढे गुळगुळीत डाग, कुणाच्या दाढीत, कुणाच्या भुवईत. चाई. कुणाचे केस नुसते मुठीमुठीनं हातात यायचे. लोक म्हणायचे किडा खातो, कुणी कांदा चोळायचं, कुणी गुंजेचा पाला वाटून लावायचं, आणि तू म्हणायचास, "किडा डोक्यावर नाई, डोक्यात हाय." आणि तुझा तो एकच कायदा होता: माह्या वस्तऱ्याखाली भाव काढाचा नाई. एका बड्या शेठनं काढला, तर तू त्याची अर्धीच दाढी करून वस्तरा पुसून ठेवलास. तो बिचारा एका गालानं साळसूद आणि एका गालानं अस्वल, तासभर निंबाखाली बसून राहिला, देवीची शपथ घेतली तेव्हा तू दुसऱ्या गालाला हात लावलास.

तुझं ते औषध काही मोठं नव्हतं. तिळाच्या तेलात माका उकळलेला, आणि रोज सकाळी अर्धा तास डोकं चोळणं. "तेल निमित्त हाय. अर्धा घंटा मानूस चूप बसते, ते औषध," हे तू मला सांगितलं नाहीस, त्याला सांगताना मी ऐकलं. रात्री लवकर निजा, भाकरीबरोबर उडदाची डाळ खा, आरशात घडीघडी डोकं पाहू नका. आणि एक गोष्ट तू अशी हेरली होतीस की भल्याभल्या वैद्यांना सुचली नसती. केस गळतात म्हणून कुणी रडत आला की तू आजचं दुःख विचारायचासच नाही. बोटांच्या पेरांवर मोजून मागं जायचास. "आज पडला तो केस तीन महिन्यांमांगच मेला होता. सांगा, तवा काय झालतं?" आणि माणूस चपापायचा. तेव्हा हमखास काहीतरी झालेलंच असायचं. "केस मेला, मूळ नाई मेलं. रुसलं हाय. येईन वापस." आणि केस परत यायचेही. बाजारात म्हणायचे, म्हाल्याचा, त्या निंबाखालच्या न्हाव्याचा, हातगुण हाय.

तो हातगुण तू आतेभावाला देत होतास, दिवसाउजेडी, माझ्या डोळ्यांदेखत. त्याच्या हातावर हात ठेवून तू त्याला चोळायला शिकवायचास, बोटं कशी फिरवायची, कानशिलाला कुठं थांबायचं. मी शाळा संपवून अडत्यांची पत्रं लिहीत होतो, आणि त्या निंबापुढून दिवसातून दहादा जायचो, काही काम नसताना. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बा. तू माझ्या डोक्याला कधी हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. माझी हजामतसुद्धा तू त्यालाच करायला सांगायचास, त्याचा हात बसावा म्हणून. मी म्हणजे त्याची पाटी.

आता ते सांगतो. एक म्हातारा अडत्या होता, सरळ माणूस, डोक्यावर सहा डाग. तू तो रोगी आतेभावाच्या हवाली केलास, एकट्याच्या. दोन-अडीच महिन्यांत त्या डागांवर सरकीवरच्या लवेसारखी पांढरी लव आली. तू ती लव येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतास. "पाहा, पोट्ट्यानं केलं!" असं तू म्हणालास, आणि माझ्यासाठी तू असं कधी म्हणाला नव्हतास. दुसऱ्या दिवशी तू लग्नसराईच्या कामाला दहा-बारा दिवस खेड्यावर गेलास. म्हातारा डोळे मिटून बसलेला, भावाची बोटं त्याच्या डोक्यावर. मी रस्त्यावरून आलो, उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "शेठजी, तार आली. भाव पडला."

तार आली नव्हती, बा. मी काहीच वाचलं नव्हतं. मला फक्त त्याची लव झडायला हवी होती.

म्हातारा तेलकट डोक्यानं, पागोटंही न घेता पळाला आणि होता तेवढा कापूस मिळेल त्या भावानं विकून मोकळा झाला. मी घरी येऊन पाणी प्यालो. आणि मग काय व्हावं? आठ दिवसांनी खरोखरच तार आली. तिकडची लढाई संपली, भाव असा कोसळला की चांदीच्या शेंब्यांचे बैल रडत विकले गेले. बाजारात एकटा तोच म्हातारा धड उभा होता. त्यानं आतेभावाला रेशीमकाठी पागोटं आणून बांधलं, वर पेढे. "या पोराच्या हाताखाली बसलो म्हणून वाचलो!" माझं पाप, आणि हातगुण त्याचा! मला त्या पेढ्यातला एक खावा लागला.

तू परत आलास तेव्हा तुला पेढ्यांचं काही पडलं नव्हतं; निंबाखाली कुणीतरी भाव काढला, एवढंच तू बाजारात ऐकलं होतंस. तू दोघांना समोर उभं केलंस. "माह्या निंबाखाली भाव कोनं काढला?" मी जमिनीकडं पाहत होतो. तो म्हणाला, "मामा, मीच काढला. तोंडातून निघून गेलं." तू त्याच्या हातातली धोकटी काढून घेतलीस, महिनाभर हिला हात लावायचा नाही असं त्याला म्हणालास, आणि माझ्याकडं वळून म्हणालास, "घे, बस तू." इतकी वर्षं ज्यासाठी जळलो ते हातात आलं, बा, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाचा कान मी कापला. त्यानं दिलेल्या शिव्या मला अजून पाठ आहेत. चौथ्या दिवशी धोकटी मी स्वतःच त्याच्यापुढं नेऊन ठेवली. तो का खोटं बोलला, मी कधी विचारलं नाही. त्याचा मोठेपणा ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती, आजही नाही.

पुढं तीन महिन्यांनी माझ्या डोक्यावर पहिला डाग पडला. मग दुसरा, मग कानामागं तिसरा. मी पागोटं घट्ट बांधून हिंडत होतो, पण न्हाणीत मायनं पाहिलं आणि तुला हाक मारली. बाजारात हसू झालं: म्हाल्याच्याच पोट्ट्याले चाई! दिव्याखाली अंधार! तू चटई पसरलीस, मला पुढ्यात बसवलंस, आणि पेरांवर मोजू लागलास. एक, दोन, तीन. तुझं बोट तिसऱ्या पेरावर थांबलं.

"तवा काय झालतं बे?"

"काई नाई."

"काईच नाई?"

"नाई म्हनलं ना."

तुझा हात माझ्या डोक्यावर तसाच राहिला. मग तू तेलात बोटं बुडवलीस आणि चोळायला लागलास. तुला कळलं होतं का, बा? कळलं असेल तर तू बोलला का नाहीस? त्यानंतर रोज सकाळी, पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी, तू मला घेऊन बसायचास. तेल कोमट असायचं. तुझ्या अंगठ्याला घट्टा होता, तो कानशिलावर फिरला की माझे डोळे आपोआप मिटायचे. तू मधेच काहीतरी सांगायचास, तुझ्या लहानपणचं, तुझ्या बापाचं. आतेभाऊ पलीकडं झाडलोट करायचा आणि आमच्याकडं पाहायचा. तो पाहतो हे मला कळायचं, आणि फार बरं वाटायचं.

पण डाग भरेनात. चार महिने झाले, सहा झाले. तू गुंजेचा पाला लावलास, ज्याला तूच हसायचास. रिद्धपूरच्या एका बुवाकडून कसलासा लेप आणलास. दुसऱ्यांची डोकी भरत होती आणि माझं तसंच. तू गिऱ्हाइकांपुढं मला बसवेनासा झालास, आत घरात चोळायचास. पुढल्या उन्हाळ्यात तुला ताप भरला, नवव्या दिवशी तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. हात हलत नव्हता. "साऱ्या गावाले गुन आला रे माह्या हाताचा," असं म्हणालास. "तुलेच नाई आला."

तू गेल्यावर पावसाळा सरता सरता माझं डोकं भरलं, काळंभोर. भाऊ म्हणाला, "दादा, मामाचा हात उशिरा का होईना लागला पाहा." काल तोच भाऊ धोकटीत हात घालून काहीतरी चाचपत होता. मी विचारलं, काय शोधतोस? "मामाचा चिमटा. कुठं गेला कोन जाने, इतकी वर्सं झाली, सवयीनं हात जाते." मी म्हणालो, असेल कुठंतरी, आणि मान खाली घातली, म्हणजे त्याला मागचे केस नीट दिसतील.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? त्याला वाचता येत नाही, नाहीतर त्याच्याच हाती दिलं असतं. हे खोटं आहे, दिलं नसतं. तुझा हात हरला नव्हता, बा. तिसऱ्याच महिन्यात माझ्या डागांवर लव आली होती. ती आली तसा मी घाबरलो. बरा झालो असतो तर दुसऱ्या दिवसापासून ती चटई तू गुंडाळली असतीस आणि पुन्हा त्याच्या हातावर हात ठेवून बसला असतास. म्हणून रोज पहाटे, तू उठायच्या आत, न्हाणीत आरसा नेऊन मी ती लव एकेक करून उपटायचो. कानामागची बोटांनी चाचपून. मग येऊन तुझ्यापुढं डोकं धरायचो. चिमटा माझ्या पेटीत आहे. त्याची टोकं अजून बरोबर जुळतात.