उघड्या टपाची गाडी आणि आमचा टेव्हिन

प्रिय व्हर्नेलताई,

तुझ्या धाकट्या टीनीचा वाकून नमस्कार. वाकताना गुडघा कटकन वाजला, तेव्हा नमस्कार मनापासून आहे याबद्दल शंका नसावी. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? मीठ कमी केलंस की नुसतं डॉक्टरला तसं सांगतेस? डेट्रॉइटला थंडी पडू लागली असेल. इकडे जॉर्जियात ऑक्टोबर उजाडला तरी चर्चमध्ये बायकांचे पंखे थांबलेले नाहीत. माझी तब्येत ठीक. मोत्या गेला (तोच, पोस्टमनला भुंकायचा आणि चोरांशी गोड वागायचा), पण म्हातारा होऊन, झोपेत गेला, तेव्हा रडू नकोस.

तुझे फोन आले, मी उचलले नाहीत, म्हणून रागावली असशील. अगं, विद्यापीठाच्या वकीलबाईंनी सक्त ताकीद दिली होती की या प्रकरणाबद्दल फोनवर चकार शब्द काढायचा नाही. लिहायचं नाही असं काही त्या म्हणाल्या नाहीत. (मीही विचारलं नाही.) तेव्हा टीव्हीवर जे पाहिलंस ते बाजूला ठेव आणि खरं काय घडलं ते वाच. माझ्या टेव्हिननं एजंटकडून गाडी घेतली नाही. तू फोनवर निरोप ठेवलास की 'पोराला गाडीच हवी होती तर मावशीला सांगायचं', ते ऐकून मला बरं वाटलं. पण तुझ्या गाडीत त्याचा एक पाय तरी मावेल का, सांग.

तू नेहमी विचारतेस की टेव्हिन नक्की खेळतो तरी काय, त्याच्या हातात कधी चेंडू दिसत नाही. तो दिसायचाच नाही. फुटबॉलात चेंडू हातानं फेकणारं पोरगं असतं ना, त्याच्या अंगावर समोरचे रेडे धावून येतात, त्यांना अडवणं एवढंच आपल्या टेव्हिनचं काम. लहानपणी दारात उभा राहिला की आत उजेड यायचा नाही, ते आठव. आता त्याच गुणावर त्याचं शिक्षण फुकट चाललंय, आणि पुढच्या वसंतात मोठे व्यावसायिक संघ त्याला घेतील असं सगळे म्हणतात. म्हणून तर एजंट लोक (खेळाडूंचे करार जमवून त्यातला वाटा खाणारे) घिरट्या घालतात. आणि नियम असा, की कॉलेजकडून खेळतो तोवर खेळाडूनं आणि त्याच्या घरच्यांनी एजंटकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही. विद्यापीठात एक बाई दरवर्षी त्यावर व्याख्यान देतात. टेव्हिन तिथून इतका घाबरून आला होता, की ओळखीच्या न्हाव्यानं हातावर गोड गोळी ठेवली तर त्याचा मेहुणा एजंट आहे का म्हणून विचारायला लागला.

अशात यंदाच्या वसंतात एका रविवारी चर्च सुटल्यावर प्रेस्टन क्विल उगवला. गोरा, काटकुळा, टोकदार बूट घातलेला, अटलांटाच्या एका बड्या एजंटाचा माणूस. काम एकच, खेळाडूच्या घरच्यांशी गोडीगुलाबी करायची. ते त्यानं पहिल्याच दिवशी कबूल केलं, हे त्याच्यातलं मला आवडलं. बरोबर फळांची भलीमोठी टोपली होती. मी म्हटलं, टोपली गाडीत परत ठेव आणि हात धुऊन जेवायला बस. (ताई, त्याची मनगटं बघितली असतीस तर तूही हेच म्हणाली असतीस.) तो जेवला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि घरी न्यायला मी डबा भरून दिला. पुढच्या रविवारी तो डबा परत करायला आला. डबा रिकामा कसा परत पाठवायचा? आपल्यात ती पद्धत नाही. झालं, उन्हाळाभर हेच चक्र चाललं. तो मला द्यायला काहीतरी घेऊन यायचा, मी ते परत गाडीत ठेवायला लावायची आणि जेवायला घालायची. एकदा त्यानं माझ्यासाठी आरामखुर्ची आणली. ती अंगणातून उचलून परत त्याच्या गाडीत कोंबताना टेव्हिननं गाडीचा दरवाजा वाकवला, तर बिचाऱ्या टेव्हिननंच तो पुढं दिवसभर खपून ठोकून सरळ केला. पाद्रीबुवांना प्रेस्टनचा आवाज आवडला म्हणून त्याला गायनमंडळात उभा केला. वरचे सूर लावणारा माणूस आपल्याकडे कधी होता गं? सिस्टर ओफेलियानं तर त्याला गोधडी शिवून दिली.

आता गाडीचं. ऑगस्टमध्ये तळ्याकाठी चर्चची सहल होती. जेवणं चालली होती आणि प्रेस्टन एकदम पोट धरून गवतावर आडवा झाला. आधी सगळ्यांनी माझ्या बटाट्याच्या सॅलडकडे बघितलं. (मी ती नजर कुणाकुणाची होती ते लक्षात ठेवलंय.) पण तो निघाला मुतखडा. ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ती पार तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. प्रेस्टनची गाडी तळ्याच्या वाटेच्या तोंडाशीच उभी होती, बाकी सगळ्यांच्या तिच्यामागे अडकलेल्या. टेव्हिननं त्याला तान्ह्या बाळासारखं उचललं, मागच्या सीटवर निजवलं आणि स्वतः चालवायला बसला. म्हणजे बसायला गेला. ती गाडी म्हणजे साबणाची डबी. डोकं टपाला लागून मान वाकडी होईना का, पण रस्ता दिसेना. शेवटी टप उघडला आणि पोरगा अर्धा बाहेर, अर्धा आत असा हॉस्पिटलकडे निघाला. वाटेत सिग्नलला बाजूच्या गाडीतल्या कुणीतरी फोटो काढला. त्या फोटोत मागं पडून विव्हळणारा प्रेस्टन दिसत नाही. दिसतो तो आपला टेव्हिन, एजंटाच्या माणसाच्या झगझगीत लाल गाडीत, मिरवणूक निघाल्यासारखा.

तो फोटो दोन दिवसांत जगभर झाला. टीव्हीवरचा एक माणूस, ज्याला मी पूर्वी सज्जन समजत होते, तो म्हणाला की अशी पोरं खेळाला काळिमा आहेत. प्रशिक्षकांनी टेव्हिनला बोलावलं आणि चौकशी होईपर्यंत सरावालाही येऊ नकोस म्हणून सांगितलं. सांगताना त्यांचेच डोळे भरले होते म्हणे. पोरगा घरी आला. ओट्यावर बसून राहायचा. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. ताई, या घरात अन्न उरलं, यावरून काय ते समज. मोठ्या संघांचे निरोप येणं थांबलं. शिष्यवृत्ती जाईल असं पेपरात आलं. मी घरात धीट तोंड करून वावरायची आणि कपडे वाळत घालायला मागं गेले की चादरीत तोंड खुपसून रडायची. एका संध्याकाळी मी शेंगा सोलत होते, तर तो जवळ येऊन बसला.

"ममा, मी त्याला तिथंच पडू द्यायला हवं होतं का?"

"तसा असतास तर मी तुला या घरात जेवू घातलं नसतं," मी म्हटलं.

थोड्या वेळानं आत जाऊन त्यानं फ्रीज उघडला, आणि मला जरा बरं वाटलं.

मग चौकशीची माणसं आली, एक गृहस्थ आणि एक बाई, दोघंही इस्त्रीसारखी ताठ. मी थंडगार गोड चहा पुढं केला, तर आम्हाला घेता येत नाही म्हणाले. कॉर्नब्रेड? नाही. निदान पाणी? पाणी त्यांनी स्वतःचं आणलं होतं. (माझ्या दारात येऊन स्वतःचं पाणी पिणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. पण नियम नियम असतो, मी गिळलं.) त्यांनी बायबल मागितलं नव्हतं, तरी मी त्यावर हात ठेवूनच बोलले. टेव्हिननं काय घेतलं, मी काय घेतलं, टोपली कुठं गेली, खुर्ची कुठं गेली, सगळं विचारून झालं. गृहस्थांच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. तेवढ्यात दारात प्रेस्टन उभा. ऑपरेशननं आणखीच वाळलेला, हातात माझा डबा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, आणि बोललास तर नोकरी जाईल असं त्याच्या साहेबानं बजावलं होतं.

"उन्हाळाभर मी या मुलाला आणि त्याच्या आईला काहीतरी द्यायला धडपडतोय," तो म्हणाला. "त्यांनी माझ्याकडून धागासुद्धा घेतला नाही. उलट मीच इथं जेवलो, गोधडी नेली, गाडी दुरुस्त करून घेतली, आणि त्या दिवशी या मुलानं मला वाचवलं. गैरफायदा कुणी घेतलाच असेल तर तो मी घेतलाय. मला काय शिक्षा करायची ती करा."

बाईंनी गृहस्थांकडे बघितलं. गृहस्थांनी कागद चाळले, आणि मग हळूच विचारलं की एजंटाच्या माणसानं खेळाडूकडून घेतलं तर त्याला कुठलं कलम लागतं. बाईंनाही आठवेना. ताई, मी देवाशपथ हसले नाही. स्वयंपाकघरात जाऊन हसले.

निकाल गेल्या आठवड्यात लागला. कितीही झालं तरी एजंटाच्या माणसाच्या गाडीत बसलाच, म्हणून एका सामन्याची बंदी, आणि त्या फेरीतलं पेट्रोल जेवढ्याचं जळलं तेवढं धर्मादाय द्यायचं. टेव्हिननं ते चर्चच्या पेटीत टाकलं आणि पाद्रीबुवांनी रीतसर पावती दिली. बंदी पडली ती नेमकी सगळ्यात दुबळ्या संघाच्या सामन्याला, त्यामुळे आम्ही तोही सहज जिंकलो. टेव्हिन बाकावर बसून शेंगदाणे खात होता. काल तो पुन्हा मैदानात उतरला. प्रशिक्षकांनी सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली, म्हणजे जेवढा हातात आला तेवढा. मोठ्या संघांचे निरोप पुन्हा यायला लागलेत. प्रेस्टनची नोकरी गेली. साहेब म्हणाला म्हणे, असा माणूस मी पाहिला नाही की ज्याला कुणाला बिघडवताच येत नाही. आता तो इथंच शाळेत गाणं शिकवतो, वजन वाढलंय, आणि सिस्टर ओफेलियाची भाची हल्ली पुढच्या बाकावर बसते. त्या दिवशी निघताना चौकशीच्या बाईंनी, नुसत्या वासावरून, ओव्हनमधल्या माझ्या गोड पीच कॉबलरची कृती विचारली. कृती घेणं नियमात बसतं का, हे त्यांनी आधी गृहस्थांना विचारून घेतलं.

तेव्हा आपल्या घराण्याची अब्रू शाबूत आहे, हे तुझ्या शेजारणीला मोठ्यानं वाचून दाखव. आणखी काय लिहू? मीठ कमी खा आणि माझी आठवण जास्त काढ.

तुझीच,
टीनी

ता.क. पेअरचा मुरंबा वेगळा पाठवलाय. बरणी परत पाठव, रिकामी पाठवलीस तरी मी बोलणार नाही.

ता.क. दुसरा (हा शेजारणीला वाचून दाखवू नकोस). गुरुवारच्या बसनं आपल्या पप्पांना तुझ्याकडे पाठवतेय. जानेवारीत टेव्हिनचं कॉलेजचं खेळणं संपेपर्यंत त्यांना ठेवून घे. कारण असं, की चौकशीची माणसं आली त्या दिवशी पप्पा मासे धरायला गेले होते, आणि ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर भाजलेल्या मक्याचं कणीस कडाकडा खाल्लं. तू ओळखलंसच. कवळी! वर-खाली, नवी कोरी, पांढरीशुभ्र. जुलैत प्रेस्टनबरोबर 'केस कापायला' गेले होते तेव्हा माप दिलं म्हणे, पैसे प्रेस्टनचे, आणि महिनाभर फक्त मासे धरायला जाताना घालत होते. मी डोकं धरून बसले, तर मलाच सुनावलं, "नियम खेळाडूंना आहे ना? मला या वयात कुठला संघ घेतोय?" परत करावी म्हटलं, तर ती दुसऱ्या कुणाच्या तोंडात बसणार? मी बायबलवर हात ठेवून बोलले तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि प्रेस्टनही फक्त मुलाबद्दल आणि त्याच्या आईबद्दल बोलला, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. तू एवढंच कर, त्यांना चर्चच्या मासिकाच्या फोटोत उभं करू नकोस. आणि बसस्टँडवर ओळखू आले नाहीत तर घाबरू नकोस. ड्रायव्हरपासून हमालापर्यंत सगळ्यांकडे बघून तोंडभर हसत जो म्हातारा उतरेल, त्याला हाताला धरून पटकन गाडीत घाल.