बिटाच्या वाइनची बरणी कोणी बांधली

मी ज्ञानू धोंडी मोहिते, वय ७४, निवृत्त हवालदार, राहणार मौजे कातळवाडी, तालुका पाटण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे माणूस घरात उरलेले नाही.

१. राहते घर व ओढ्याकाठची उसाची जमीन मुलगा यशराज यास. तो शिरवळला कंपनीत असतो. जमीन वाट्याने द्यावी, पण विकू नये.

२. परसबाग व बँकेतील ठेव मुलगी शिवांजली हिस. यशराजने हरकत घेऊ नये. कारण कलम ४ मध्ये आहे.

३. पलटणीत असताना मेसच्या आचाऱ्याकडून मी बिटाची वाइन शिकलो. बीट उकडायचे, त्या पाण्यात साखर, लिंबू, मनुका, यीस्ट घालून बरणीत ठेवायचे. माझी बायको राही परसात बीट लावायची आणि कुरकुरायची, "आवं, भाजीला तरी ठेवा की चार!" तरी बरणीला फडके तीच बांधायची, सैल, म्हणजे आंबताना होणारा गॅस बाहेर पडतो. बरण्या, गाळणे, नळी शेजारी ज्योतिबास. वीस वर्षे फुकट प्यायला आणि चावडीवर मला दारुडा म्हणाला. आता स्वतः करून प्यावी.

४. सन २०१२ मध्ये शिवांजलीला बघायला पाहुणे यायचे होते. घरात वास नको म्हणून फसफसणारी काचेची बरणी लोणच्याच्या बरण्यांमागे सरकवली. झाकण आवळले, वर लोणच्याला बांधतात तसा फडक्याचा दादरा सुतळीने करकचून बांधला. दुपारी शिवांजली लोणचे काढायला गेली आणि बरणी फुटली. काच उडून पोरीचा डावा डोळा गेला. पाहुणे दारातूनच परतले. पुन्हा कोणी आले नाही.

दवाखान्यात सगळ्यांनी विचारले, बांधली कोणी? मी म्हणालो, "हिनंच. लोणचं समजून बांधली." राही पोरीच्या उशाशी जाऊन बसली. शिवांजली आईशी सात वर्षे धड बोलली नाही, आणि राही तशीच गेली.

राहीने बांधली नव्हती. मी बांधली होती. भ्यालो, दुसरे काही नाही. शिवांजली, मला माफ करू नकोस हवे तर. आईच्या फोटोला तू कधी हार घातला नाहीस, तेवढा घाल.

हे कलम माझ्या तेराव्याला सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. कोठीत शेवटची बरणी आहे, ती परसात ओतून टाकावी. तोवर झाकण सैल ठेवावे.

ठिकाण: कातळवाडी, जि. सातारा. दिनांक: १२ जानेवारी २०२५.
सही: ज्ञानू धोंडी मोहिते

साक्षीदार:
१. विश्वजित शंकर देसाई, निवृत्त शिक्षक. सही.
२. अर्जुना तुकाराम साळुंखे, राहीचा भाऊ. यानेही तेव्हा बहिणीलाच बोल लावला होता. कलम ४ वाचून तो ओट्यावर बसला. मग म्हणाला, "दाजी, सा वर्सं झाली तिला जाऊन. ती हुती तवा का न्हाई बोलला?" हेही लिहा म्हणाला, म्हणून लिहिले. त्यानंतर त्याने सही केली.