एक जूनचा चौकोन

१४ मे
शेठने आमच्या फ्लेक्सच्या दुकानात मोठं काम आणलंय. नायगावच्या एका शाळेचं. बारा महिन्यांचे बारा फ्लेक्स — कुठल्या तारखेला कोण शास्त्रज्ञ जन्मला. एक तारीख, एक चौकोन, एक फोटो. यादी तिथल्या प्रिस्का टीचरने दिली. मी सहावीत शाळा सोडलेला, आणि न्यूटन-बिटन मीच चिकटवतोय! बाबांना कळलं तर हसतील. हसतील कुठले — गाव सोडून वालीवला पळून आलो तेव्हापासून बोलतच नाहीत.

१९ मे
सात नोव्हेंबरला गर्दी. रामन आणि मादाम क्युरी, दोघांचा जन्म एकाच दिवशी. न्यूटनच्या तर दोन तारखा! पंचवीस डिसेंबर, नाहीतर चार जानेवारी. टीचर म्हणाली, "अरे, त्यांच्याकडे नंतर कॅलेंडरच बदललं."
मेलरॉय शेठ मागून ओरडला, "माझी तारीख बदलत नाय! चर्चमध्ये लिवलीय, बाप्तिस्म्याला."
आमच्याकडे कसली नोंद. शाळेत घालताना गुरुजींनी वय सहा बसवलं आणि एक जून टाकला. माझा एक जून, बाबांचा एक जून, छपाईच्या मशीनवरच्या विकीचाही एक जून. अर्धा देश एकाच दिवशी जन्मलेला!

२१ मे
जूनच्या फ्लेक्सवर नेमका एक तारखेचा चौकोन रिकामा. टीचरला फोन लावला. "सुचेल ते टाक रे, माझ्या घरी लग्न आहे."
बाबांचा फोटो टाकला. मोबाईलमधला, टोपीवाला. खाली लिहिलं — काळूराम, थोर गणिती.
खोटं नाही. पिठाच्या गिरणीत बसून औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, धडाधड म्हणतात. मला साधा सतराचा पाढा यायचा नाही, की गिरणीचा जुना पट्टा पाठीवर.
विकी हसून लोळला. "भावा, तुझा बाप एकदम डेंजर शास्त्रज्ञ दिसतो!"
रागाने टाकला की कौतुकाने, मलाच कळत नाही.

१ जून
फ्लेक्स लागले. शाळेच्या कुंपणावर बाबा! फोटो काढून आईला पाठवला. वाटतंय, आज तरी बोलतील.

नाही आला फोन.

२ जून
आईचा आला. रडत होती. शेजारणीने तो फोटो गावभर पाठवला म्हणे. "आरं, जित्या माणसाची जयंती? गळ्यात हार? लोक दारात आले, काळूराम कधी गेला म्हणून!"
फाईल उघडून बघितली. सगळ्या चौकोनांना एकच साचा लावलेला — वर 'जयंती', फोटोला झेंडूचा हार. जिवंत माणसाचा वाढदिवस असतो. पुढाऱ्यांचे फ्लेक्स करताना तीनतीनदा बघतो मी. आणि बापाच्या वेळी बघितलं नाही!
"बाबा काय म्हणाले?"
"काय न्हाई. गिरणी बंद करून बसल्यात."

३ जून
कटर घेऊन नायगावला गेलो. वॉचमन धावत आला. "ए, काय फाडतोस? कोण आहे तो?"
म्हणालो, "बाप आहे माझा. जिवंत आहे."
त्याने शिडी धरली.
आता फ्लेक्सला भोक. शेठ बोंबलणार. बोंबलू दे.

४ जून
घरी फोन केला. आईने उचलला. बाबा मागे खोकत होते. आले नाहीत.

६ जून
बाबांचा फोन. स्वतःहून!
"हार घातलाच हायस, तर आता सांगून टाकतो," म्हणाले. "शाळंत घातला तवा तू सहाचा नव्हतास. पाचबी पुरी नव्हती. मीच गुरुजीला खोटं सांगितलं, पोरगं लवकर शिकंल म्हणून. आन् पाढं येईनात, तर मीच मारलं."
म्हणजे मी ढ नव्हतो. लहान होतो!
मग माझी खरी तारीख कुठली, विचारलं.
"थंडी व्हती," म्हणाले. "लई थंडी व्हती रं."