उरलेली किडनी

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही नको नको म्हणत असताना मी दिलेली किडनी तुमच्याबरोबरच गेली. माझ्याकडे उरली ती एक. इतकी वर्षं तिची मला आठवणसुद्धा झाली नाही, आता उठता-बसता होते. माझ्या आतड्यात गाठ निघाली आहे आणि ती यकृतातही पसरली आहे. त्यावर शिरेतून किरणोत्सारी औषध देतात. ते नेमकं गाठींना जाऊन चिकटतं आणि त्यांना जाळतं. पण उरलंसुरलं किडनीतून बाहेर पडतं आणि जाता जाता तिलाही भाजतं. म्हणून औषधाच्या अर्धा तास आधीपासून चार तास एक वेगळं सलाईन लावतात, अमिनो आम्लांचं. ते चालू असलं की औषध किडनीत रेंगाळत नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "तुमच्याकडे स्पेअर नाही. हे पूर्ण जायलाच हवं."

चार तास म्हटल्यावर मला तुमचं डायलिसिस आठवलं. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून धापा टाकत यायची, आणि तुम्ही दुकानात गिऱ्हाइकाशी घालायचात तशी टेक्निशियनशी अर्ध्या कानडीत हुज्जत घालत असायचात. "स्वल्प बेग बिडप्पा, अर्धा तास आधी सोड, दुकान उघडायचंय." एकदा मी सगळ्यांदेखत ओरडले, "अण्णा, लहान मूल आहात का? चार तास पडून राहता येत नाही?" तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. घरी आल्यावर मी कुकर लावत होते, तेव्हा दारात उभं राहून म्हणालात, "पायात गोळे येतात गं." एवढंच. त्याच आठवड्यात मी किडनी जुळते का बघायला गेले. बनशंकरीतले सगळे नातेवाईक म्हणाले, काय मुलगी आहे! अण्णा, प्रेम होतंच, पण खरं सांगायचं तर मला स्वतःची लाज वाटली होती.

पहिल्या डोसला खोलीत मी एकटी. औषध अंगात गेलं की माणूसच किरणं सोडतो, जवळ कुणी फारसं थांबत नाही. काचेपलीकडे बेळगावकडची नर्स, मधूनमधून स्पीकरवर विचारते, "अक्का, बरं हाय न्हवं?" मी मान हलवते. बरं कसलं! त्या सलाईननं पोटात असं ढवळतं की इंजेक्शन देऊनही उलट्या थांबत नाहीत. नळीवरचं चाक माझ्या हाताशी आहे. दुसरा तास संपता संपता मी ते फिरवते. पुरतं बंद नाही करत, लांबून चालू दिसेल इतपत थेंब पडू देते. थोड्या वेळानं पोट शांत होतं आणि मला चक्क झोप लागते. शेवटी नर्स घाईघाईनं सुई काढून दोन पावलं मागे सरते. "पूर्ण गेलं?" मी हो म्हणते, आणि अर्धी भरलेली पिशवी तिच्याआधी मीच कचऱ्याच्या, किरणं अडवणाऱ्या शिशाच्या डब्यात टाकते.

आता रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं आहे, म्हणजे किडनी बिघडते आहे. पुन्हा तपासलं, आणखी वाढलं. रिपोर्ट हातात आला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, अण्णांना द्यायला नको होती. तुमचा राग आला, मग माझा. डॉक्टरीणबाई म्हणतात, "सलाईन पूर्ण जाऊनही असं होत असेल, तर तुमची किडनी हे औषध सोसत नाही. पुढचे डोस थांबवावे लागतील." आणि थांबवले, तर गाठींवर दुसरं फारसं काही उरलेलं नाही. सलाईन पूर्ण गेलंच नाही, हे त्यांना कोण सांगणार? ते माहीत असलेली मी एकटीच. तीनदा त्यांच्यासमोर बसून आले, तिन्ही वेळा वजन आणि भूक यांवरच बोलून परतले.

उद्या त्या काय ते ठरवणार आहेत. त्यांना लावायला म्हणून सकाळपासून फोन हातात आहे आणि मी तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुम्हाला सांगून काहीच बदलत नाही.