अम्मीचा कब्जा

३ जानेवारी, उदगीर
माहेरी दोनच दिवस. काम एकच. अब्बांनी हयातीतच घर अम्मीला हिबा, म्हणजे बक्षीस, करून द्यावं. नाहीतर त्यांच्या मागे अम्मीला आठवाच हिस्सा. टेप लावून मोजलं. मोरी आणि जिन्याखालची जागा. बाकीचं विकून भाईजान पुण्यात फ्लॅट घेणार, असं स्वतःच सांगत फिरतात.
हे हिस्से नानांनी, अम्मीच्या वडिलांनी, माझ्याकडून पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते. घरात मलाच येतात. विषय नाजूकपणे काढायचा.

संध्याकाळी
काढला. जेवताना. अब्बांना ठसका लागला. अम्मी म्हणाली, क्या गे, बाप अच्छा-भला बैठा है, और तू हिस्से बाटती?

६ जानेवारी
हिमायतनगरहून ह्यांचा फोन, कधी येतेस. सांगितलं, मी कुणाच्या घरात लुडबुड करत नाही. एवढं निस्तरलं की निघते.
अब्बा तयार! म्हणाले, देतो माय, पण गप बस.
मौलवीसाहेबांना विचारून आले. देणाऱ्याने दिलं म्हणावं, घेणाऱ्याने कबूल म्हणावं, आणि कब्जा द्यावा. नवरा-बायको एकत्र राहत असले तर नवऱ्याने बाहेर पडायची गरज नाही, असंही म्हणाले. असेल. पण उद्या भाईजाननी शंका काढली तर? अब्बांनी सामानासकट बाहेर पडलेलं बरं. अर्धा तास फक्त.

८ जानेवारी
अब्बांनी दिलं म्हटलं, किल्ली अम्मीच्या हातात ठेवली, आणि गादी, रेडिओ, पानाचा डबा घेऊन समोर विरूपाक्षअण्णांच्या किराणा दुकानापुढे जाऊन बसले. आता अम्मीने फक्त कबूल म्हणायचं. म्हणेना. म्हणे, आदमी थंडी में रस्ते पे, और मैं घर कबूल करूँ?
अण्णांनी अब्बांना काय झालं विचारलं. अब्बा एवढंच म्हणाले, पोरीनं काढलं.
खलास. शेजारच्या साखराबाई भाकरी-पिठलं घेऊन आल्या. मला म्हणाल्या, लई लेकी पाहिल्या, आशी न्हाई पाहिली. हिबा समजावायला गेले, तर म्हणाल्या, ते ऱ्हाऊ दे, म्हाताऱ्याला स्वेटर आण.
दुपारी भाईजानचा फोन. रडत होते. अब्बांना पुण्याला नेतो म्हणाले. म्हणजे आता तेच चांगले!

संध्याकाळी
मगरिबच्या नमाजाआधी अम्मी दारात आली आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, कबूल! माझे डोळे भरून आले. घर अम्मीचं झालं.
मालकिणीने लगेच अब्बांना आत बोलावलं. मग माझ्याकडे वळली. घर मेरा हुआ ना? अब तू तेरे घर जा. सुबह की गाडी से.
खूप विचार केला. हरकत घ्यायला कुठेच जागा नाही. हिबा पक्का झाल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?
ह्यांना फोन करून कळवलं, काम झालं, मीच निघते आहे.